एकवीस साक्षीदार

१

नऊ नंबरची फाइल जागेवर नव्हती.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी परिशिष्टं छापायला बसले. फोल्डरमध्ये एक ते आठ होत्या, दहा ते चौदा होत्या. नऊ नव्हती. दात पडला की जीभ सारखी त्याच फटीत जाते, तशी माझी नजर आठ आणि दहाच्या मध्ये जात राहिली. फोल्डर बंद करून उघडला. लॅपटॉप बंद करून चालू केला. मी भौतिकशास्त्र शिकले आहे, तरीही केलं.

आमचं ऑफिस किडनीची प्रतीक्षायादी सांभाळतं. चौतीस इस्पितळं, एकोणीसशे रुग्ण, एक यादी. ती यादी एकाच संगणकावर असते, आणि एका संगणकावरची यादी एका फोनवर बदलते. गेल्या तीन वर्षांत तीनदा बदलली होती. खालचं नाव वर गेलं, वरचं खाली आलं, आणि कुणी केलं ते कधीच कळलं नाही. म्हणून यादी ब्लॉकचेनवर न्यायची ठरलं. दोन नेटवर्क तपासायची, त्यातलं एक निवडायचं. तपासणी विभागात दोनच माणसं: सर आणि मी. सहा महिने झाले. आम्ही दोघं आता एकमेकांना 'सुप्रभात'सुद्धा मान हलवूनच म्हणायचो.

चार वाजता समिती बसणार होती.

माझ्या खुर्चीची पाठ मोडलेली आहे. मी तिथं टॉवेलची गुंडाळी खुपसून बसते. त्या सकाळी टॉवेल टेबलावर होता, चौघडी घातलेला, कोपऱ्याला कोपरा जुळवून. झाडलोट करणाऱ्या मावशींनी आवरलं असेल, असं वाटलं आणि मी तो पुन्हा गुंडाळला. मग संगणक विभागाला फोन केला.

"फाइल काल दुपारी एक बावीसला पुसली गेलीय," पलीकडचा जांभई देत म्हणाला. "कायमची. पुसणाऱ्याचं नाव सांगू?"

"सांगा."

"तुमचंच."

२

तुफान नेटवर्कच्या कंपनीचा प्रतिनिधी दहाला आला, सव्वादहाला त्याने लेखी तक्रार दिली, आणि साडेअकराला चौकशी अधिकारी आल्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. पूर्वी त्या फौजदारी कोर्टात वकील होत्या. बसल्या बसल्या त्यांनी टेबलाखाली चपला काढल्या. पाय सुजलेले होते.

"मी दोन महिन्यांनी निवृत्त होतेय," त्या म्हणाल्या. "तेव्हा थोडक्यात सांग. ब्लॉकचेन म्हणजे काय?"

"एक वही असते, पण तिच्या प्रती वेगवेगळ्या लोकांकडे. नवी ओळ लिहायची तर बहुतेकांनी हो म्हणायचं. एकाने मागची ओळ खोडली, तर बाकीच्यांच्या प्रती बोंब मारतात."

"पाचामुखी परमेश्वर."

"हो. त्या मुखांना आम्ही इथं साक्षीदार म्हणतो."

"साक्षीदारांशी माझं तीस वर्षांचं वैर आहे. पुढे बोल."

मी सांगितलं. एका नेटवर्कला आम्ही तुफान म्हणतो, दुसऱ्याला गोगलगाय. तुफान सेकंदाला चार हजार नोंदी घेतं आणि दोन सेकंदांत पक्क्या करतं, साक्षीदार एकवीस. गोगलगाय सेकंदाला बारा नोंदी घेते, एक नोंद पक्की व्हायला चाळीस मिनिटं. साक्षीदार नऊशे चाळीस, कोण कुठले ते कुणालाच ठाऊक नाही.

"तुम्हाला दिवसाला नोंदी किती लागतात?"

"तीनशे."

"मग चार हजारांचं काय लोणचं घालायचंय?"

"चार हजार नकोत. पण किडनी बर्फात ठेवलेली असताना चाळीस मिनिटं फार होतात, बाई. आणि दोन्ही पदरात पडत नाही. वेग हवा तर साक्षीदार कमी करावे लागतात. साक्षीदार वाढवले की वेग जातो."

"शिंप्यांचं असंच असतं. लवकर देणारा नीट शिवत नाही." त्यांनी पाय चोळले. "एकवीस म्हणजे कमी का?"

"खरेच एकवीस असतील तर पुरेत."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "नऊ नंबरमध्ये काय होतं?"

"तुफानच्या एकवीस साक्षीदारांची हजेरी. दीडशे दिवस, दर तासाला. कुणी किती वाजता उत्तर दिलं, आमच्या घड्याळात आणि त्यांच्या स्वतःच्या घड्याळात. पंचाहत्तर हजार सहाशे ओळी."

"दुसरी प्रत?"

"नियम असा आहे, की एका कंपनीची गोपनीय माहिती एकाच ठिकाणी ठेवायची. बॅकअपमधूनही वगळायची."

"कुणी पुसू नये म्हणून वही हजार ठिकाणी ठेवायचा विचार करणारं ऑफिस," बाई म्हणाल्या, "आणि त्या विचाराची फाइल एका ठिकाणी. शहाणी माणसं आहात. मी नियम नाही विचारला. प्रत आहे का?"

पंखा कुरकुरत होता. चहावर साय धरली होती.

"नाही," मी म्हणाले.

बाईंनी मान हलवली. "फाइल मिळाली नाही तर तुझं कंत्राट आज संध्याकाळी संपेल. नोंदीत 'घातपात' लिहिलं जाईल. तो शब्द लागला की कुठलीच प्रयोगशाळा तुला दारात उभी करणार नाही. समिती मात्र चार वाजता बसेलच, कारण सारांश तयार आहे. समजलं?"

समजलं होतं. तरी मी खोटं बोलले होते.

३

"तू इथंच बस," बाई म्हणाल्या. "संशयित डोळ्यांपुढे असलेला बरा. आणि मला यंत्रांतलं कळत नाही."

आधी तुफानचा प्रतिनिधी आला. त्याला आम्ही टायवाला म्हणायचो. पंखा एकच आणि तोही कुरकुरा, तरी त्याचा टाय गळ्याशी घट्ट.

"मॅडम, हा सरळ सरळ घातपात आहे. गोगलगायीवाल्यांचे इथं चाहते आहेत." हे बोलताना त्याने माझ्याकडे न बघण्याची काळजी घेतली.

"फाइल गेल्याने तुमचं काय बिघडलं?"

"आमची हजेरी शंभर टक्के आहे! दीडशे दिवसांत एक साक्षीदार एकदाही गैरहजर नाही. हे सिद्ध करणारी फाइल आमचा हितचिंतक उडवेल का? तुम्हीच सांगा."

"कुठं असतात हे गुणी साक्षीदार?"

"एकवीस शहरांत, तीन खंडांत."

"तुम्ही पाहिलेत?"

तो थोडा अडखळला. "मॅडम, मी विक्री बघतो."

"काल दुपारी एक बावीसला कुठं होतात?"

"तुमच्याच खालच्या मजल्यावर, जेवत. पण या विभागात यायला पास लागतो आणि माझा पास मंगळवारी संपला. दोन अर्ज केलेत. तुमच्या ऑफिसात पास मिळण्यापेक्षा किडनी लवकर मिळेल."

बाई हसल्या नाहीत. तो स्वतःच ओशाळला आणि उठला.

दार बंद झाल्यावर त्या म्हणाल्या, "हा खोटं बोलत नाही. याला काही माहीतच नाही. ज्याला फाइल बुडवायची असते तो तक्रार करून माझ्यासारखीला घरी बोलावत नाही. हा बिचारा स्वतःच्या मालावर विश्वास ठेवतो. विक्रेत्याने असं करू नये."

"मग उरलं कोण?"

"आत यायचा पास कुणाकुणाकडे आहे?"

"मी. सर. झाडलोट करणाऱ्या मावशी."

"आणि फाइल पुसायचा अधिकार?"

"फक्त माझ्या खात्याला. सरांना सगळं दिसतं, पण हात लावता येत नाही. तोही नियमच."

"काल जेवायला गेलीस तेव्हा लॅपटॉप बंद केला होतास?"

मी आठवून पाहिलं. सहा महिन्यांपूर्वी मी कुलूपसुद्धा दोनदा ओढून बघायचे.

"नाही," मी म्हणाले. या वेळी खरं.

४

सर आले तेव्हा त्यांच्या हातात अहवालाची शेवटची प्रत होती. वय पंचावन्न, दिसायला पासष्ट. ते मंगळवार, गुरुवार, शनिवार अकराला येतात. त्या दिवशी सकाळी थोरल्या बहिणीला डायलिसिसला न्यावं लागतं. सहा वर्षं झाली. अक्कांचं नाव आमच्याच यादीत आहे. सरांनी पहिल्याच दिवशी ते लेखी कळवलं होतं, आणि नंतर त्यावर कुणी कधी बोललं नाही.

"मोजणीला सोडा, बाई," ते बसताच म्हणाले. मी सगळं मोजत असते म्हणून ते मला मोजणी म्हणतात. "थकल्यावर हात चुकतो. मुद्दाम नाही केलेलं तिने. मी तसं लिहून देतो."

"म्हणजे तिनेच पुसली म्हणता?"

"चुकून. सहा महिने आम्ही जनावरासारखं काम केलंय. सारांश माझ्याकडे आहे. एका फाइलीवाचून काही अडत नाही."

त्यांनी चहाच्या कपाखालची चिठ्ठी उचलली, दुमडली, पुन्हा दुमडली. चार पदर. नखाने घडी दाबली.

"निर्णय लांबला तर?" बाईंनी विचारलं.

"तर सगळ्या चाचण्या पुन्हा. एक वर्ष. तोवर यादी आहे तशीच, एका संगणकावर." त्यांनी चिठ्ठी उलगडली आणि परत घडी घातली. "गेल्या खेपेला यादी हलली तेव्हा माझी बहीण एकोणतिसावरून त्रेचाळिसावर गेली. त्या रात्री तिने मला विचारलं, मधे आलेले चौदा जण माझ्यापेक्षा जास्त आजारी होते का रे? मी हो म्हणालो."

"होते का?"

"मला काय ठाऊक."

बाईंनी हात पुढे केला. अहवाल त्यांनी मागून घेतला. सर दारापर्यंत गेले, थांबले आणि मला म्हणाले, "काही खाल्लंस का गं सकाळपासून?"

मी मान हलवली. ते गेल्यावर बाईंनी चिठ्ठी उचलली. ती टेबलावर चौकोनी, घट्ट, कोपऱ्याला कोपरा जुळवून पडली होती. पण मी तेव्हा टॉवेलचं काहीच बोलले नाही. माणसाला कळतं आणि तरी त्याला कळायला नको असतं.

५

"या अहवालाचा आधीचा मसुदा आहे?" बाईंनी विचारलं.

मी दिला. आठ दिवसांपूर्वीचा, मी टंकलेला. त्यांनी चष्मा बदलला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीओळीवर बोट फिरवू लागल्या. एक वाजला. दीड वाजला. मला वाटलं, त्यांना झोप लागली. मग बोट थांबलं.

"हे वाच."

मसुद्यात होतं: 'तुफान नेटवर्क एकवीस स्वतंत्र साक्षीदारांवर चालते.'

"आता हे."

शेवटच्या प्रतीत होतं: 'तुफान नेटवर्क एकवीस साक्षीदारांवर चालते.'

"एक शब्द गेलाय," मी म्हणाले.

"कुणी काढला?"

"शेवटची प्रत सर करतात. जागा वाचवायला काढला असेल."

"पान अर्धं कोरं आहे, पोरी." त्यांनी चष्मा काढला. "सगळ्या अहवालात बदललेला हा एकच शब्द. टायवाला असता तर त्याने 'संपूर्ण स्वतंत्र' लिहिलं असतं. तुझ्या लक्षात आलं असतं तर तू मला सांगितलं असतंस. हा शब्द अशा माणसाने काढलाय ज्याला कळलं होतं की साक्षीदार स्वतंत्र नाहीत, आणि ज्याला खोटं लिहवत नव्हतं. खरं सांगवतही नव्हतं. म्हणून त्याने तो नुसता गाळला. आणि कुणी विचारू नये म्हणून नऊ नंबर पुसली."

मावशी बादली घेऊन आत आल्या होत्या. मी त्यांना विचारलं, "मावशी, काल माझा टॉवेल तुम्ही आवरलात का हो?"

"मी? मला टेबलांना हात लावायची बंदी आहे, ताई. मागे एकदा वायर निघाली तर केवढं रामायण झालं."

मी खाली बसले आणि बाईंना टॉवेलच्या घडीचं सांगितलं.

"पण हे सगळं हवेतलं आहे," बाई थकून म्हणाल्या. "एक गाळलेला शब्द आणि एक घडी. कोर्टात कुणी उभं करणार नाही. साक्षीदार स्वतंत्र नाहीत हे फाइलच सांगू शकली असती, आणि ती गेली. दोन वाजलेत. मी पुन्हा विचारते. शेवटचं. प्रत आहे का?"

बोलले तर मी स्वतः दोषी ठरत होते. गप्प बसले तर मी दोषी ठरतच होते, आणि एकोणीसशे जण एका गाळलेल्या शब्दावर सोडले जात होते.

"आहे," मी म्हणाले. "नऊशे चाळीस प्रती आहेत."

६

तीन आठवड्यांपूर्वी गोगलगायीची भार-चाचणी होती. म्हणजे तिच्यावर एकामागून एक हजारो नोंदी ओतायच्या आणि ती किती वेळात रिचवते ते मोजायचं. नियम असा, की त्यासाठी खोट्या नोंदी तयार करायच्या. पंचाहत्तर हजार खोट्या नोंदी. मी दोनशे केल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तुफानची फाइल समोर होती. पंचाहत्तर हजार सहाशे ओळी, आयत्या. मी त्याच ओतल्या. सेकंदाला बारा, एक तास पंचेचाळीस मिनिटं.

एका कंपनीची गोपनीय माहिती दुसऱ्या कंपनीच्या उघड्या नेटवर्कवर. याहून मोठा नियमभंग आमच्या पुस्तकात नाही.

"आणि पुसता येत नाही?" बाईंनी विचारलं.

"तेच तर तिचं काम आहे. मीसुद्धा पुसू शकत नाही. प्रयत्न केला होता."

पहिल्यांदाच त्या हसल्या. "आळशाला गंगा घरी. काढ."

लिहायला वेळ लागतो, वाचायला नाही. अडीच वाजता सगळ्या ओळी माझ्या पडद्यावर होत्या. मी साक्षीदारांच्या घड्याळांचा तक्ता काढला. यंत्रातलं घड्याळ तासाला सेकंदाचे काही हजारांश मागे-पुढे जातं. मध्यरात्री ते जुळवून घेतात. प्रत्येक यंत्राची चाल वेगळी.

"ही सरासरी," मी म्हणाले. "एकवीस घड्याळं, एकवीस चाली. म्हणूनच मला कधी शंका आली नाही."

"सरासरी काढलेला साक्षीदार मला नको. एकेक दिवस दाखव."

मी दाखवला. सोमवार सरळ रेघा. मंगळवार, बुधवार सरळ. गुरुवारी, एक ते दोनच्या दरम्यान, एकवीसच्या एकवीस रेघा वाकल्या. पुढचा गुरुवार. वाकल्या. त्याच्या पुढचा. सगळ्या, एकाच वेळी, आणि तीनपर्यंत परत सरळ. मी सरासरीची इस्त्री फिरवून तो वाक दीडशे दिवसांत सपाट करून टाकला होता.

"घड्याळ चाल कधी बदलतं?"

"तापमान बदललं की." माझा आवाज मलाच लांबून आला. "यंत्र तापलं की. पण ही तीन खंडांत आहेत, बाई. एकीकडे दुपार तेव्हा दुसरीकडे पहाट. सगळीकडे एकाच वेळी कसं उकडेल?"

"एसी बंद केल्यावर उकडतं," मावशी दारातून म्हणाल्या. त्या फडका पिळत होत्या.

आम्ही दोघींनी वळून पाहिलं.

"मशिनीच्या खोलीत बर्फ पडतो नुसता. ओल्या लादीवर उभं राहवत नाही, आणि लादी वाळतही नाही. मी पण पुसायच्या आधी बंद करते आणि वाळली की लावते. साहेबांना सांगू नका. जिथं मशिनी असतात तिथं पुसणारी बाई असतेच की. तिचा वार गुरुवार असेल."

मी पुन्हा तक्त्याकडे वळले. उत्तराला होणारा उशीर तुफानवाल्यांनी शहरांच्या अंतराप्रमाणे बरोबर ठेवला होता, म्हणून मी फसले. उशीर मुद्दाम लावता येतो. घाम मुद्दाम वेगवेगळा आणायचं कुणाला सुचत नाही.

"तीस वर्षं मी हेच केलं," बाई चपलांत पाय घालत म्हणाल्या. "खरे साक्षीदार थोडे थोडे वेगळे चुकतात. सगळे एकाच जागी, एकाच वेळी चुकले, की समजायचं एका खोलीत बसवून पढवलेत. चल. सरांकडे."

७

सर खिडकीपाशी उभे होते. बाईंनी तक्ता टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलला नाही, नुसतं पाहिलं.

"कुठून मिळाली?" त्यांनी मला विचारलं.

"गोगलगायीत होती. भार-चाचणीला मी तीच वापरली."

"नियम मोडून?"

"हो."

ते खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांचे खांदे हलले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. "सहा महिने मी तुला नियम शिकवतोय," ते म्हणाले.

"गुरुवार तुम्ही कधी पाहिलात?" बाईंनी विचारलं.

"आठ दिवसांपूर्वी. डायलिसिसच्या खोलीत बसून ओळी वाचत होतो. तिथं चार तास दुसरं काय करणार? सरासरी नाही, ओळी. तिथल्या बाईने लादी पुसायला एसी बंद केला, घड्याळात पाहिलं तर सव्वा दहा, गुरुवार. आणि मला पडद्यावरचा गुरुवार दिसला." त्यांनी रुमाल काढला. चार पदर घातले. "मग वाटलं, असू दे. एका खोलीत का होईना, वही तर होईल. फोनवर तर बदलणार नाही."

"सर," मी म्हणाले, "एकवीस तोंडं आणि पोट एकच. त्या खोलीचा मालक सांगेल तेव्हा एकवीसही जण हो म्हणतील. यादी हलेल आणि वर शिक्का बसेल, की हलणं शक्यच नाही. आज निदान लोक संशय तरी घेतात."

"मला कळत नाही का ते?" ते एकदम ओरडले, आणि लगेच आवाज पडला. "कळतं गं. पण अजून एक वर्ष म्हटलं की... मी थकलोय. तुझ्यावर यावं असं नव्हतं मनात. वाटलं, चूक म्हणून सोडून देतील. तो टायवाला तक्रार करेल असं कुठं ठाऊक होतं."

"तुम्ही चुकला कुठं, माहितीये?" बाई म्हणाल्या. "तो शब्द गाळलात तिथं. नसता गाळला तर मी घरी गेले असते."

"खोटं कसं लिहिणार?" सर खरंच गोंधळून म्हणाले.

पावणेचार झाले होते. बाईंनी अहवालाची शेवटची प्रत त्यांच्यापुढे सरकवली आणि पेन ठेवलं.

सरांनी 'एकवीस' हा आकडा एका रेघेने खोडला. वर लिहिलं: 'एक'. बाजूला सही केली, तारीख घातली, वेळ घातली. मग पेन माझ्याकडे दिलं. मी खाली लिहिलं: 'मूळ नोंदी नियमबाह्य रीतीने गोगलगाय नेटवर्कवर साठवल्या गेल्या; जबाबदारी माझी.' आणि सही केली.

"झालं," बाई म्हणाल्या. "दोन स्वतंत्र साक्षीदार."

८

समितीने निर्णय पुढे ढकलला. सरांना त्याच दिवशी कामावरून दूर केलं. मला ताकीद आणि तीन महिने घरी. 'घातपात' हा शब्द मात्र नोंदीत आला नाही. टायवाल्याने दोनदा फोन करून विचारलं, ती खोली नक्की कुठं आहे. बिचाऱ्याला कंपनीत कुणी सांगत नव्हतं. पुढे असं सुचवलं गेलं, की तुफानही नको, गोगलगायही नको. चौतीस इस्पितळांनी प्रत्येकी एक साक्षीदार चालवावा. त्यांचं एकमेकांशी कधीच पटत नाही, म्हणजे ते एकमेकांना पढवणार नाहीत. वेग मधला, साक्षीदार मधले. चाचणीला एक वर्ष.

शनिवारी सकाळी मी डायलिसिसच्या केंद्रात गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. सर अक्कांच्या पलंगाशेजारी बसले होते. आता त्यांना अकराला कुठं पोचायचं नव्हतं. अक्का बारीक, पण डोळे तरतरीत.

"ही का तुझी मोजणी?" त्या म्हणाल्या. "बस गं. हा माझ्यासाठी फाइली पुसत होता म्हणे. माझ्यासाठी! मला विचारलं होतंस का रे?"

"अक्का, पुरे."

"लहानपणी माझ्या परीक्षेसाठी देवाला नवस बोलला होता, आणि फेडायला मला पाठवलं. तोच स्वभाव." यंत्र त्यांच्या मागे संथ फिरत होतं. त्या जरा दमल्या, थांबल्या. "तुझ्याकडे ती यादी दिसते का अजून?"

मला तीन महिने यादी बघायला बंदी होती. पण रुग्णाला स्वतःचा क्रमांक फोनवर बघता येतो. मी त्यांचा फोन घेतला आणि उघडून दाखवला.

"एकेचाळीस."

"काल किती होता?"

"एकेचाळीस," सर म्हणाले.

"आणि परवा?"

"एकेचाळीसच."

अक्कांनी डोळे मिटले. "म्हणजे कुणी मधे घुसलं नाही," त्या म्हणाल्या. "मग बरं आहे."

सरांनी रुमाल काढला. घडी घालायला घेतला आणि तसाच, चुरगळलेला, मुठीत धरून बसून राहिले.